कोन, घुमट आणि आमचे स्नेहसंमेलन

आमच्या महाविद्यालयात स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात दरवर्षी एक 'ट्रॅडिशनल डे' असतो. मुले फेटे बांधून येतात, मुली नऊवारी नाही तर इरकल नेसून येतात, आणि एरवी जीन्समध्ये वावरणारे आम्ही सारे एक दिवस आपापल्या आजी-आजोबांसारखे दिसतो. त्यात वाईट काही नाही. मलाही तो दिवस आवडतो. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातल्या पाच मुलींनी ठरवले, की यंदा आपण 'आदिवासी' व्हायचे. शहरात भाड्याने कपडे देणाऱ्या एका दुकानातून त्यांनी लाल चौकडीच्या साड्या आणल्या, गुडघ्यापर्यंत नेसल्या, खांद्यावर गाठ मारली, केसांत कागदी अबोली माळली आणि गालांवर काजळाचे ठिपके काढले. ठिपके कशासाठी ते देव जाणे. त्यांना दुसरे बक्षीस मिळाले. त्यांचे सगळे फोटो मी काढले.

तशी गाठ माझी आजी रोज सकाळी मारते. हे मी त्या दिवशी कुणाला सांगितले नाही.

माझे घर खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका वाडीत आहे. आईचे माहेर त्याहून आत, जोयडा तालुक्यातल्या जंगलात. आम्ही कुणबी. महाराष्ट्रात 'कुणबी' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर शेतकरी येतो. आमच्याकडचा कुणबी शेतकरी आहेच, पण तो जंगलातला शेतकरी आहे. गोव्याच्या सीमेवरचा डोंगर उतरला की तिकडचे कुणबी, गावडे, वेळीप हे आमचेच नातेवाईक. माझी एक मावशी सांगे तालुक्यात दिलेली आहे. देव तेच, गाणी तीच, भांडणेही तीच. फरक एवढाच, की गोव्यात या तिन्ही समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि इकडच्या कुणब्यांची ती मागणी अनेक वर्षे मागणीच राहिली आहे. या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे.

वसतिगृहात पहिल्या वर्षी आईने मला डब्यात उकडलेली कणगी पाठवली होती. खोलीतल्या मैत्रिणीने विचारले, "हे काय गं?" मी म्हटले, "रताळे." रताळे म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नाही.

हे सारे लिहायचे कारण म्हणजे यंदाच्या थंडीत मी मामांबरोबर जोयड्याच्या कंदमेळ्याला गेले होते. कुणबी समाजाच्या पुढाकाराने तिथे दरवर्षी हा मेळा भरतो. गावोगावच्या बायका आपापल्या परसातले आणि कुमरीतले कंद घेऊन येतात आणि एका दिवसात विकून परत जातात. वर्तमानपत्रातले फोटो पाहून मला वाटले होते, हाही एक 'ट्रॅडिशनल डे'च असणार. भाषणे होतील, हार-तुरे होतील, मंत्रिमहोदय उशिरा येतील. तेही झालेच. पण त्याशिवाय जे झाले ते मला अपेक्षित नव्हते.

आजी एका पोत्यावर बसली होती. तिच्यापुढे नागरकोन, कणगी, करांदे, सुरण आणि दोन मोठ्या मुडल्या. मुडली ही अळूच्या जातीची, जोयड्याची खासियत. धारवाडहून आलेल्या एका बाईंनी एक मुडली उचलली आणि कन्नडमध्ये विचारले, "हे खाल्ल्यावर घसा खाजतो ना?" आजीला कन्नड कामापुरते येते. पण त्या कामापुरत्या कन्नडमध्ये तिने पंधरा मिनिटे व्याख्यान दिले. कापताना हाताला तेल लावायचे, फोडी आमसुलाच्या नाही तर चिंचेच्या पाण्यात घालायच्या, अर्धवट शिजवायचे नाही. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी एकदा सांगितले होते, की अळू-सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तेच टोचतात. आजीला ऑक्झलेट ठाऊक नाही; त्याचा बंदोबस्त मात्र पाठ आहे. भोवती सात-आठ माणसे जमली. एकाने वही काढून लिहून घेतले. माझ्या आजीचे बोलणे कुणी लिहून घेताना मी जन्मात प्रथमच पाहिले.

दुपारपर्यंत तिचा सगळा माल संपला. दोन हजार आठशे रुपये आले. दोन नागरकोन तिने मागे लपवून ठेवले होते. एका गृहस्थांनी ते पाहिले आणि दुप्पट पैसे देऊ केले. आजी म्हणाली, "ते बियाणं. ते विकलं तर पुढच्या वर्षी तुम्ही कुठं येणार?"

कोनाचे असे आहे, की त्याला वेगळे बी नसते. कंदाचाच तुकडा राख लावून ठेवायचा, पावसाच्या तोंडावर पुरायचा, वेल वर चढायला एखादे झाड किंवा खांब द्यायचा, आणि थंडीत पाने वाळली की खणायचा. जो कंद कुणी लावत नाही तो चार-पाच वर्षांत परसातून नाहीसा होतो, आणि शेजाऱ्याकडेही नसला तर कायमचाच. आईच्या लहानपणी तिच्या घरी होते असे दोन प्रकार आज वाडीत कुणाकडे नाहीत. मामी सांगत होती, की मेळा सुरू झाल्यापासून बायका पुन्हा जास्त जाती लावू लागल्या, कारण ज्याच्या पोत्यावर वेगळे काही दिसते त्याच्याकडे गिऱ्हाईक थांबते. आमच्या पिढीने खायचे सोडले म्हणून जे मरत चालले होते ते परक्यांनी विकत घेतल्यामुळे जगले. मला यात थोडी लाज वाटते. पण घडले ते असे.

म्हणून परंपरा 'बाजारात आणू नये' असे जे आपल्याकडचे विचारवंत म्हणतात ते मला सरसकट पटत नाही. आमच्या एका प्राध्यापकांशी या विषयावर माझा बराच वाद झाला. त्यांचे म्हणणे असे, की लोकजीवन मंचावर चढले की त्याचे प्रदर्शन होते. गाणे शेतातच गावे, जेवण घरीच जेवावे. मी म्हटले, "सर, शेतात आता मोबाईल वाजतो आणि घरी नातवंडांना नूडल्स पाहिजेत. मग गाणे कुठे गावे आणि कोन कुणी खावा?" मेळ्यात माझ्या मावसबहिणीचा चार वर्षांचा मुलगा दिवसभर पोत्यांमधून बागडत होता. भाजलेल्या कणगीवर गूळ घालून त्याने दोनदा मागून खाल्ली. घरी तो ती तोंडात धरत नाही. इथे शंभर माणसे तेच खात होती, म्हणून त्यानेही खाल्ले. मुलांचे तरी काय, आपल्या सगळ्यांचेच असे असते. चारचौघांत मान मिळालेली गोष्ट घरातही गोड लागते.

पण प्रोफेसरसाहेब सगळेच चूक नव्हते, हे मला त्याच दिवशी दुपारी मंचापुढे बसल्यावर कळले. मामांच्या गावची मंडळी घुमट-झांज घेऊन उभी राहिली. घुमट म्हणजे मातीचे मडके, दोन्हीकडे तोंड, एका तोंडावर कातडे. पूर्वी ते घोरपडीचे असे. वन्यजीव कायद्यामुळे ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे लावतात. मामांच्या मते आवाज तोच नाही, पण घोरपड जगली हे बरेच झाले. गोव्याने २०१९ मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून जाहीर केले आहे. तर ही मंडळी गाऊ लागली. त्या गाण्याची चाल अशी, की पहिली दहा मिनिटे ते नुसते तापते. देवांना हाक मारायची, गावाच्या सीमा मोजायच्या, मग ठेका वाढतो आणि मग अंगात नाच येतो. देव अजून अर्धेच आले होते तेवढ्यात निवेदकाने माइक हातात घेतला आणि प्रमुख पाहुण्यांचे आगमन झाले असल्याने कार्यक्रम आवरता घेण्याची विनंती केली. मंडळी थांबली. एका म्हाताऱ्याने घुमट काखेत धरून मंचालाच नमस्कार केला, अर्धवट सोडल्याबद्दल माफी मागितल्यासारखा, आणि खाली उतरला. कुणाला काही वाटले नाही. टाळ्याही झाल्या.

सरकारी शिमगोत्सवाची गोष्ट मावशी अशीच सांगते. पणजी, मडगाव, म्हापसा अशा शहरांतून रोमटामेळ आणि चित्ररथ निघतात, बक्षिसे असतात, परदेशी पाहुणे असतात. तिच्या गावची मुलेही जातात आणि आनंदाने जातात. परंतु ढालोचे तिचे मत वेगळे आहे. ढालो हा पौषातल्या रात्रींचा बायकांचा खेळ. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहून गातात आणि नाचतात. तो मांडावर होतो, आणि मांड म्हणजे चार खांबांचे स्टेज नव्हे. ती ठरलेली जागा असते, तिला देवपण असते, तिथे चपला घालून जात नाहीत. मावशीच्या बायकांच्या गटाला शहरात ढालो 'सादर' करायचे बोलावणे आले, तेव्हा त्यांनी आपसांत बसून ठरवले, की फुगडी घालू, ढालोतली दोन साधी गाणी म्हणू, पण मांड मांडायची गाणी तिथे म्हणायची नाहीत. संयोजकांना फरक कळलाही नाही. बायकांना कळत होता, आणि तेवढे त्यांना पुरे होते.

मला वाटते सारा प्रश्न इथेच आहे. मंच वाईट नाही आणि बाजारही वाईट नाही. काय दाखवायचे, किती वेळ, कुणापुढे, आणि काय घरीच ठेवायचे हे कुणी ठरवायचे? आजीने दोन कोन मागे ठेवले, मावशीने मांडाची गाणी मागे ठेवली. ज्याला मागे ठेवण्याचा अधिकार आहे त्याचाच तो उत्सव. ज्याला निवेदक 'आवरा' म्हणू शकतो, तो त्या उत्सवातला भाड्याचा माणूस, मग पत्रिकेवर त्याच्या समाजाचे नाव कितीही मोठ्या अक्षरांत छापलेले असो.

याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा माझा एक मित्र हल्याळकडचा सिद्दी आहे. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या आणि गोव्यातून जंगलात निघून आलेल्या माणसांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्तीही आहेत, आणि दमाम नावाचा ढोल सगळ्यांचा. हा मित्र दमाम सुरेख वाजवतो. युवक महोत्सवात त्यांचा गट आला, की निवेदक हमखास 'आता पाहू या आफ्रिकन नृत्य' म्हणतो. तो मला म्हणाला, "माझी आई घरी माझ्याशी कोकणी-मराठी बोलते, मी कन्नड शाळेत शिकलो, आफ्रिका मी नकाशात पाहिली आहे. एकदा तरी कुणी 'आता पाहू या हल्याळचे नृत्य' असे म्हणेल का?" सिद्द्यांना उत्तर कन्नड जिल्ह्यात २००३ मध्ये जमातीचा दर्जा मिळाला. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या आणि धारवाडच्या सिद्द्यांना त्यासाठी २०२० पर्यंत थांबावे लागले. त्या सतरा वर्षांत महोत्सवांना मात्र त्यांना सगळीकडून बोलावणे येत होते.

आता तो मघाचा फरक. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातीच्या माणसाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्या वनात राहून तिथली जमीन कसत असल्याचे दाखवले की पुरते. आमच्यासारख्या 'इतर पारंपरिक वननिवासी' लोकांना त्याच तारखेच्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. मामा म्हणतात, "पंचाहत्तर वर्षांमागं आमच्या आज्याला कागद कोण देत होता?" मावशीच्या सासरी हा प्रश्न उद्भवत नाही. एकाच आईच्या दोन मुली, पण डोंगराच्या कुठल्या अंगाला दिल्या त्यावर त्यांच्या नातवंडांची जमीन ठरते.

त्यात आमच्याकडे काळी नदीवर सुपे धरण झाले आणि जुने सुपे गाव पाण्याखाली गेले. रामनगर वसले ते त्या विस्थापितांचे. नंतर दांडेली-अणशीचा व्याघ्रप्रकल्प आला, त्यालाच २०१५ पासून काळी व्याघ्रप्रकल्प म्हणतात. जंगल सोडून स्वखुशीने बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला भरपाई मिळते, ती २०२१ मध्ये दहा लाखांवरून पंधरा लाख झाली. काही घरांनी ती घेतली आहे, आणि त्यांना मी नावे ठेवणार नाही. रात्री पोटात दुखू लागले तर डांबरी रस्त्यापर्यंत माणसाला खाटेवरून न्यावे लागते, हे मी पाहिलेले आहे. मामाच्या घरात या प्रश्नावर वर्षभर रोज रात्री बोलणे चालते. मामेभाऊ म्हणतो घ्यावी, मामी म्हणते मुलाच्या शिक्षणाला उपयोग होईल. आजी काही बोलत नाही. मेळ्यात कोन विकत घेणाऱ्या पाहुण्याला हे कसे कळावे? पण त्याला कळले पाहिजे, असे मला वाटते. दोन खोल्यांच्या कॉलनीतल्या घरामागे कोनाचा वेल कशावर चढणार? आणि तेव्हाही मेळा भरेल, पोती मांडली जातील, कदाचित कंद मंडईतून आणलेले असतील.

इथे मला अंकोल्याच्या सुक्री बोम्मगौडांची आठवण होते. हालक्की समाजाची ही गायिका. २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२५ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या. गळ्यात मण्यांच्या माळांचा भार घेतलेला त्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. परंतु त्याच बाईंनी आपल्या भागातल्या बायकांना बरोबर घेऊन दारूविरुद्ध चळवळ केली होती, हे फोटोखाली क्वचित छापतात. ज्यांना त्यांची गाणी हवी होती त्यांना त्यांचे भांडण नको होते. मी पाहिलेल्या बऱ्याच सरकारी उत्सवांचे हेच दुखणे आहे. गळा पाहिजे, तक्रार नको.

दिवसांचेही तसेच. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन. जिनिव्हात १९८२ साली त्या तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाची पहिली बैठक झाली, म्हणून १९९४ मध्ये तो दिवस ठरवला गेला. महाराष्ट्रात त्याच सुमारास रानभाजी महोत्सव भरतात आणि ते अगदी योग्य आहे, कारण सह्याद्रीत रानभाज्या त्याच वेळी येतात. मात्र आमचे कोन ऑगस्टमध्ये मातीत असतात आणि माणसे चिखलात. कुणी अधिकारी उत्साहाने आमच्याकडे ९ ऑगस्टला कंदमेळा भरवायचे म्हणेल, तर त्याला सजावटीसाठी बटाटे लागतील.

असो. नुसती टीका करून मोकळे व्हायचे नाही म्हणून मी आणि माझ्या त्या सिद्दी मित्राने मिळून यंदाच्या स्नेहसंमेलन समितीकडे एक अर्ज दिला, एक प्रत मराठीत आणि एक कन्नडमध्ये. 'ट्रॅडिशनल डे' बंद करा असे त्यात म्हटलेले नाही. मागणे थोडेच आहे. त्या दिवशी संध्याकाळी एक तास घुमटाला आणि एक तास दमामला द्यावा, आणि त्या वेळात कुणाही पाहुण्याचे आगमन होऊ नये. स्पर्धा ठेवू नये; गाण्याला दुसरे बक्षीस कसे देतात ते आम्हाला समजत नाही. वाजवणाऱ्यांना ऑर्केस्ट्राला देतो तेवढे मानधन आणि येण्या-जाण्याचा खर्च द्यावा. निवेदन ते स्वतः करतील, ज्या भाषेत त्यांना येते त्या भाषेत. त्यांच्या बायका-मुलांना बरोबर येऊ द्यावे, कारण ती नसली तर धरायला कोरस नसतो. आणि त्या रात्री वसतिगृहाच्या मेसमध्ये कंदांचे जेवण व्हावे, कंद जोयड्याच्या बायकांकडून रोख पैसे देऊन घ्यावेत.

समितीत चर्चा झाली. एक तासाचा अर्धा तास झाला. मानधनावर बरीच कुरकुर झाली, 'कला म्हणून येतील की' असे एकजण म्हणाला, तेव्हा माझ्या मित्राने त्याला विचारले, "ऑर्केस्ट्रावाले कशासाठी येतात?" शेवटी मानधन मान्य झाले. त्या पाच मुलींपैकी दोघी जेवणाच्या कामाला आपणहून आल्या आहेत. त्यांना मी या आठवड्यात पहिल्यांदा सांगितले, की ती साडी आमची. एक म्हणाली, "मग तेव्हाच का नाही सांगितलंस? आम्ही गालावर ठिपके तरी काढले नसते." याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

आजीला बोलावणे करायला मी मामाच्या फोनवर फोन केला. घुमटाची मंडळी येतील, ती म्हणाली. ती स्वतः येईल का, हे काही तिने सांगितले नाही. दोनशे मुलांचे जेवण आहे असे मी म्हटल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "मुडली शिजवायला पातेलं केवढं आहे गो तुमच्याकडं?" मला ठाऊक नव्हते. उद्या मेसमध्ये जाऊन मोजून येणार आहे.